परत आलेला हलवा

"अक्का, नवे प्रमुख आलेत," मोबाईलवरची नजर न काढता मी म्हणाले.

"कुठं? दारात?" अक्का परातीपुढून हलल्या नाहीत. "मग उठून च्या टाक की."

"दारात नाही हो. कंपनीत. ओंजळमध्ये."

"आनि जुन्याला काय झालं?"

"गेला."

"अरारा! कशानं गं?"

"मेला नाही, अक्का. नोकरी सोडून गेला."

अक्कांनी पळीभर पाक परातीत सोडला आणि गरम परातीतले तीळ बोटांनी गोल गोल फिरवायला लागल्या. मार्गशीर्षातली पहाट होती आणि साताऱ्यात थंडी अशी पडली होती की शेगडीजवळ बसूनही पाय आखडत होते. हलव्याला हीच थंडी लागते. ऊब असली की काटा फुटत नाही, नुसत्या साखरेच्या गोळ्या होतात.

"दिवाळीच्या तोंडावर तर आला हुता," त्या म्हणाल्या. "आपला एक हलवा व्हायला जेवढं दिस लागत्यात, तेवढं तरी टिकावं मानसानं."

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा ऑनलाइन विकणं आमच्या मंगळवार पेठेत नवलाचं होतं, आणि त्या नवलाचा सगळा तोरा माझ्याकडे होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सला फडतरे. मी धाकटी, नंदिनी. दोघी मिळून आम्ही हलव्याचे दागिने करतो. नवी नवरी पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालते तो हार, तन्मणी, बाजूबंद. आणि बोरनहाणाला बाळाला घालतात तो मुकुट, बासरी, कंबरपट्टा. तिळावर पाक चढवून हलवा करायचा तो अक्कांनी, आणि तो ओवून दागिना करायचा तो मी. अक्कांचा एकच नियम. हलवा ओवायचा, चिकटवायचा नाही. बाळ आधी बासरी तोंडात घालतं आणि मग हातात धरतं, त्यामुळे आमच्या दागिन्यात दोरा आणि साखर सोडून तिसरं काही नसायचं. बाजारातले लोक डिंकाने भराभर चिकटवून मोकळे होत. आम्ही दोघी सुई घेऊन डोळे फोडत बसायचो.

आणि इतकं करून आमचं नाव कुठेच नव्हतं. राजवाड्याजवळच्या शेंड्यांच्या दुकानात आमचा माल जायचा आणि शेंड्यांच्या नावाने विकला जायचा. एका हळदीकुंकवाला एक बाई मी स्वतः ओवलेला तन्मणी गळ्यात घालून माझ्याच शेजारी बसली होती. मला म्हणाली, "शेंड्यांकडचा आहे. त्यांच्याइतकं सुबक कुणाला जमत नाही हो." मी हातात वाण घेऊन हसले. घरी आल्यावर ते वाण कट्ट्यावर आदळलं.

तेव्हा ओंजळ सुरू झाली. हाताने केलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार. तो काढला होता पुण्याच्या अश्लेषा सरपोतदार यांनी. आम्ही त्यांना अश्लेषाताई म्हणायचो. त्या स्वतः साताऱ्याला आल्या, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पिठलं-भाकरी जेवल्या, आणि आम्हा दोघींना परातीजवळ बसलेलं बघून म्हणाल्या, "जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात ना? तुमच्या दुकानाचं नाव तेच ठेवू. जावा-जावा, सातारा." पहिली छापील खोकी आली, त्यावर लाल अक्षरांत ते नाव होतं. त्यातलं एक मी काचेच्या कपाटात ठेवलं, माझ्या लग्नातल्या चांदीच्या भांड्यांशेजारी.

अक्कांना हे काही पटलं नव्हतं. "ज्याचं त्वांड दिसत न्हाई त्याला माल देऊ नये," एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शेंड्यांचं तोंड आयुष्यभर बघितलंत, काय मिळालं? त्यावर त्या गप्प झाल्या. कामापुरतं बोलायच्या, हलव्याचे डबे भरून माझ्या पुढ्यात ठेवायच्या, पण पूर्वी ओवताना आमच्या ज्या गप्पा चालायच्या त्या बंद पडल्या. दुकानाचं नाव अगदीच खरं ठरलं म्हणायचं.

मी मात्र हवेत होते. नागपूरची, बेळगावची, कुठल्याशा परदेशातली बाई मला फोन करून विचारायची, "जावा-जावा का? धाकट्या की थोरल्या?" असं कुणी विचारलं की मला दिवसभर भूक लागायची नाही.

तर, ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गणपतीनंतर अश्लेषाताईंनी ओंजळ विकली. आम्हाला मोठा मेसेज आला, शेवटी फुलं आणि जोडलेले हात. मग नवे प्रमुख आले, ईशान देवस्थळी. त्यांचा व्हिडिओ आला. मागे कुंभाराचं चाक ठेवलेलं, पुढे हे इस्त्रीच्या शर्टात. म्हणाले, "तुम्ही विक्रेते नाही. तुम्ही आमचं कुटुंब आहात."

विक्रेत्यांच्या ग्रुपवर मिरजेच्या लतीफभाईंनी लगेच लिहिलं, "कुटुंब म्हणाले म्हणजे आता वाटणी होणार, तयारीत राहा." लतीफ शिकलगार तंबोरे बनवायचे. मुलांना शिकायला सोपे पडतील असे छोटे, हलके तंबोरे. पिढ्यान्‌पिढ्यांचं घराणं, पण जीभ तारेपेक्षा तीक्ष्ण.

आणि वाटणी झालीच. पहिला हुकूम आला, माल आपापल्या घरून पाठवायचा नाही, सगळा आधी पुण्याच्या गोदामात पोचवायचा. दुसरा आला, खोक्यावर फक्त ओंजळचं नाव. जावा-जावा गेलं, तंबोरा कुणाचा ते गेलं, आम्ही सगळे नुसते आकडे झालो. लाल अक्षरांची कोरी खोकी माळ्यावर तशीच पडून राहिली. आणि तिसरा हुकूम म्हणजे कळस होता. गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांत कुठलीही वस्तू, काहीही कारण न देता, परत करता येईल.

मी लिहून कळवलं की हा खाऊ आहे, दागिना नव्हे. वापरून परत आलेला हलवा घेऊन मी काय करू? उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच मोल. मी चिडून फोन लावला, तर 'कृपया थांबा' म्हणून नुसती बासरी वाजत राहिली. अर्धा तास बासरी ऐकून मी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मेसेज आला की देवस्थळी गेले आणि तिसरे कुणीतरी आले, आणि त्यांच्यासाठीही आम्ही 'कुटुंब'च होतो. त्याच पहाटे अक्कांनी मला चहा टाकायला सांगितला होता.

ग्रुप नुसता पेटला होता. कुणी म्हणालं, आठवडाभर सगळ्यांनी दुकानं बंद ठेवायची, मग नाक दाबलं की तोंड उघडेल. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. ठरलेल्या सोमवारी मी पाहिलं, तर एकाचंही दुकान बंद नव्हतं. लतीफभाईंचंसुद्धा नाही. माझंही नाही, कारण संक्रांत तोंडावर आली होती, आणि आमचं काय ते वर्ष त्या एका महिन्यात. एकमेकांना दोष द्यायलाही तोंड राहिलं नाही.

संक्रांत झाली आणि परतीचा माल सुरू झाला.

पहिल्या खोक्यात हार होता. त्याच्या मागच्या दोऱ्याला पावडर, पुढे हळद, आणि परत करण्याचं कारण, "पसंत पडला नाही". त्या बाईने तोच हार घालून काढलेले फोटो सगळ्या जगाला दाखवले होते आणि खाली लिहिलं होतं, "माझी पहिली संक्रांत". दुसऱ्यात बाजूबंद, त्याला घामाने पाझर सुटलेला. जावयाचं हलव्याचं घड्याळ आलं, ते तर जावयाने अर्धं खाल्लं होतं. मी ग्रुपवर फोटो टाकला. लतीफभाईंनी त्यांचा टाकला. शाळेच्या गॅदरिंगसाठी मागवून परत केलेला तंबोरा, आणि त्याच्या मानेला झेंडूचा हार अजून तसाच. खाली लिहिलं होतं, "सत्कार करून परत पाठवलाय. नशीब माझं."

मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. हे असलं फुकटचं सुख लोकांना कुणी दिलं होतं? आमच्या जिवावर दिलं होतं.

"पुण्याला जाऊन तोंडावर सांगते," मी म्हणाले. नव्या प्रमुखांची वेळ मागितली, नवल म्हणजे मिळाली. लतीफभाईही येणार होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "मीबी येते."

"तुम्ही कशाला? नुसतं बोलायचंय तिथं."

"त्वांड बघायचंय," त्या म्हणाल्या, आणि शेल्फवरचा पितळी डबा पुसायला घेतला. त्यात त्यांनी ताजा हलवा भरला. "रथसप्तमी व्हायचीय अजून. रिकाम्या हातानं कुनाकडं जायाचं नसतं."

"अक्का, आपण भांडायला चाललोय!"

"मग? तिळगूळ देऊन भांडता येत न्हाई का?"

एसटीत खंबाटकी उतरेपर्यंत मी मनातल्या मनात सगळं भाषण जुळवलं. कुटुंब म्हणालात ना? मग कुटुंबातलं कोण असं वागतं? पहिलं वाक्य हे. दुसरं त्याहून जहाल होतं. स्वारगेट येईपर्यंत मी इतकी तापले होते की रिक्षावाल्याशीच भांडण होता होता राहिलं.

बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीपाशी लतीफभाई आधीच उभे होते, काखेत कापडात गुंडाळलेला तंबोरा. "हार काढला नाही, नंदाताई," ते म्हणाले. "पुरावा आहे." वर पाचव्या मजल्यावर काउंटरची मुलगी आमची नावं ऐकून गोंधळली.

"सरांची अपॉइंटमेंट होती का? सर आता आपल्याकडे नाहीयेत."

"म्हणजे बाहेर गेलेत?"

"नाही, म्हणजे... नाहीच आहेत. कालपर्यंत होते. ऋजुता मॅडमनी आज सकाळीच चार्ज घेतलाय."

लतीफभाई भिंतीला टेकले आणि मोठ्याने हसले. मला हसू येईना. ज्याच्यासाठी मी घाटभर शब्दांना धार लावली, तो खुर्चीसकट पुसला गेला होता. आता ही नवी बाई. हिला मी कुठल्या तोंडाने म्हणू, की तू आम्हाला कुटुंब म्हणालीस?

ऋजुता पाठारे तिशीतली असेल. टेबलावर अजून पुष्पगुच्छ होता, त्याचा कागदही सोडला नव्हता. ती उठून उभी राहिली, आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या. अक्कांनी डबा उघडून तिच्या हातावर हलवा ठेवला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

"थँक यू काकू. किती क्यूट!" तिने दोन दाणे तोंडात टाकले आणि बाकीचे कागदी रुमालावर ठेवले. "बोला. मला सगळं ऐकायचंय."

आणि ती खरोखर ऐकत होती, हीच तर पंचाईत. चिडायला समोर कुणीतरी निगरगट्ट माणूस लागतो. मी नावाचं बोलले, परतीचं बोलले, पावडर लागलेला हार दाखवला, तर तिने कपाळाला हात लावला. "हे भयंकर आहे," ती म्हणाली. लतीफभाईंनी कापड सोडून तंबोरा टेबलावर ठेवला, सुकलेल्या झेंडूसकट. त्यावरही ती "हे भयंकर आहे" म्हणाली. तेवढ्यात अक्का मला हळूच म्हणाल्या, "मोरी कुठं असंल गं?" आणि बाहेर गेल्या.

"ऐका, नंदिनीताई," ऋजुता पुढे वाकली. "तुमचं मला पटलंय. मी आजच दोन गोष्टी करते. 'जावा-जावा' हे नाव खोक्यावर परत येईल. तुमची गोष्ट, तुम्हा दोघींचा फोटो, सगळं पहिल्या पानावर. पुढच्या संक्रांतीचा आमचा चेहरा तुम्ही. आणि परत आलेला माल यापुढे तुमच्याकडे येणारच नाही. तुम्हाला तोटा नाही. तो आम्ही इथल्या इथे मार्गी लावू."

"मार्गी म्हणजे?" लतीफभाईंनी विचारलं.

"ते ऑपरेशन्सवाले बघतील. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका."

खरं सांगते, मी पुढचं काही विचारलं नाही. नाव परत मिळत होतं. काचेच्या कपाटातल्या त्या एका खोक्याला पुन्हा भावंडं मिळणार होती. मला वाटलं, आत्ता अक्का इथे हव्या होत्या. बघा म्हणाले असते, तोंड न बघता विकायला निघाले होते ना मी, आता त्या तोंडाकडूनच शब्द घेतलाय. मी खुर्चीतून उठून त्यांना शोधायलाच निघाले.

त्या मोरीत नव्हत्या. पलीकडे एक लांबलचक हॉल होता, तेच त्यांचं गोदाम, आणि त्यातून चिकटपट्टी ओढल्याचे आवाज येत होते. मोठमोठी टेबलं, त्यावर खोकी, आणि ॲप्रन घातलेल्या मुली. शेवटच्या टेबलापाशी अक्का उभ्या होत्या. समोर एक मुलगी रंगाच्या कोरड्या ब्रशने काहीतरी झटकत होती.

मी जवळ गेले. ती आमची बासरी होती.

"नंदा, हे बघ," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी खालचा.

बोरनहाणाचे संच होते. आमचेच. मुकुट, कंबरपट्टे, बासऱ्या, टेबलभर मांडलेले. एका बाजूला फाडलेली जुनी खोकी आणि दुसऱ्या बाजूला नवीकोरी, पत्ते चिकटवून तयार. संक्रांतीच्या आठवड्यात ज्यांची बोरनहाणं झाली त्यांनी परत पाठवलेले संच, रथसप्तमीपर्यंत ज्यांची व्हायची होती त्यांच्याकडे निघाले होते.

"हे पुन्हा नव्या खोक्यांत भरतो आम्ही," ती मुलगी म्हणाली. "खराब असतात ते तुम्हाला येतात. हे चांगले आहेत."

अक्कांनी बासरी माझ्या हातात दिली. "ह्या टोकाला बोट लाव."

मी बोट फिरवलं. अक्कांच्या हलव्याला काटा असतो, बोटाला तो बारीक टोचतो, लोक त्यासाठीच आमच्याकडे येतात. बासरीचं ते टोक काचेसारखं गुळगुळीत होतं. तिथले दाणे बारीक झाले होते, आणि एक तर फुटून आतला तीळ उघडा पडला होता. साखरेचा काटा झटकून जात नाही, तो जातो चाटून. कुणाच्या तरी दात येणाऱ्या बाळाने ती बासरी मन लावून चोखली होती. आणि आता ती कोल्हापूरच्या एका बाळाच्या तोंडात जायला निघाली होती. पत्ता खोक्यावर होता, आणि पत्त्याखाली छापलं होतं, "खास तुमच्यासाठी, हाताने बनवलेलं."

"ह्यातलं किती?" अक्कांनी त्या मुलीला विचारलं.

"हे सगळेच. संध्याकाळी गाडी जाते."

तोवर ऋजुता मागोमाग आली होती, आणि लतीफभाईही. मी तिला बासरी दाखवली. ती एकदा बासरीकडे आणि एकदा टेबलाकडे बघत राहिली. तिला हे खरंच ठाऊक नव्हतं, हे मला दिसत होतं.

"मी उद्या याची मीटिंग लावते," ती म्हणाली. "प्रॉमिस. माझा आज पहिलाच दिवस आहे हो."

"उद्या?" अक्का म्हणाल्या. "गाडी तर आज हाय."

"काकू, एकदम थांबवता नाही येत. सिस्टिम असते. मला विचारावं लागेल."

"कुनाला?"

मला वाटतं, तिलाही अजून ते सांगितलेलं नव्हतं.

अक्कांनी पदर खोचला. टेबलाच्या कडेला कुणा बाईने शिवलेली गोधडी पडली होती, ती उचलून आधी लांबच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या भरलेल्या जारपाशी गेल्या आणि त्याच्या तोंडावरची पट्टी खसकन ओढून काढली. जार उचलायला गेल्या. तो गुडघ्यापर्यंत आला आणि पुन्हा खाली बसला.

"नंदिनीताई, यांना थांबवा," ऋजुता घाईने म्हणाली. "प्लीज. हे झालं तर तुमच्या नावाचं जे आत्ता बोललो, ते मला काहीच करता येणार नाही. तुमचं दुकानच राहणार नाही."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांना नावाचं काहीच माहीत नव्हतं, त्या तेव्हा खोलीत नव्हत्या.

"एक बाजू धर," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर अक्कांचा. ईशानचा नाही, ऋजुताचा नाही. अक्कांचा. इतकी वर्षं मी ज्यासाठी जीव टाकला ते आत्ता कुठे हातात पडत होतं, आणि या बाईला नेमकं आत्ताच पाणी ओतायचं होतं. मी म्हणू शकले असते की अक्का, एक दिवस थांबा. उद्या मीटिंग आहे. माझ्या जिभेवर आलंही होतं ते. पण माझ्या मुठीत ती बासरी होती आणि तिचं गुळगुळीत टोक तळव्याला लागत होतं.

मी बासरी टेबलावर ठेवली आणि जारची दुसरी बाजू धरली.

पाणी आधी धारेने पडलं आणि मग भसाभसा. मुकुट टेबलावर तरंगले, मग बसले. अक्का जार सरकवत नेत होत्या आणि मी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत चालले होते, एकही खोकं कोरडं राहू नये म्हणून. साखर सुटायला लागली तसं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि टेबलावरून जमिनीवर गळायला लागलं. दोरे तेवढे उरले. मार्गशीर्षातल्या सगळ्या पहाटा आमच्या डोळ्यांदेखत फरशीवर वाहून चालल्या होत्या. मी रडत होते, आणि रागाने रडत होते. लतीफभाई चप्पल हातात घेऊन बाजूला उभे होते.

"माशाल्ला," एवढंच ते म्हणाले.

पॅकिंगच्या मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. अक्कांनी रिकामा जार नीट जागच्या जागी ठेवला, पदराला हात पुसले आणि पितळी डबा काढला. एकेकीच्या हातावर हलवा ठेवत त्या पुढे गेल्या.

"ह्यो खावा. ह्यो ताजा हाय."

मुलींनी आधी ऋजुताकडे पाहिलं आणि मग खाल्ला. सगळ्यात शेवटी अक्का ऋजुतापाशी आल्या. ती नुसती उभी होती. बुटांना साखरेचं पाणी लागलेलं. अक्कांनी तिचा हात धरून वर केला, त्यावर हलवा ठेवला आणि तिची मूठ मिटवली.

"तुझ्यावर राग न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "तुझा पयलाच दिस हाय."

परतीच्या एसटीत शिरवळ यायच्या आतच माझ्या मोबाईलवरून आमचं दुकान नाहीसं झालं. मी ते अक्कांना सांगितलं, आणि मग ऋजुताने काय काय देऊ केलं होतं तेही सांगितलं. नाव, फोटो, पहिलं पान. चांगलं रागाने सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"हे तुला तवाच ठावं हुतं?" खिडकीतून मान वळवून त्यांनी विचारलं.

"हो."

"जार धरायच्या आधी?"

"हो, अक्का."

त्यांनी माझा हात घेतला आणि मांडीवर धरून ठेवला. दोघींचे हात साखरेने इतके चिकट झाले होते की सातारा आलं तेव्हा ते सोडवावे लागले.

पुढचं वर्ष वाईट गेलं, ते लपवण्यात अर्थ नाही. अक्कांवरचा माझा राग होळीपर्यंत टिकला. पण ओवताना आमच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि गप्पा मारता मारता राग धरून ठेवणं फार अवघड असतं. लतीफभाईंनी मिरजेत गावभर ती गोष्ट सांगितली, आणि ती फिरत फिरत कुठे कुठे गेली. लोक पत्ता विचारत दारात यायला लागले. माळ्यावरची लाल अक्षरांची खोकी हळूहळू संपली, मग आम्ही नवी छापून घेतली.

ओंजळ अजून आहे. दर मार्गशीर्षात तिथून एक फोन येतो. आवाज दर वेळी वेगळा.

"नमस्कार मॅडम, मी इथला नवा प्रमुख बोलतोय. आपण पूर्वी आमच्या कुटुंबात होतात..."

दर वेळी माझं डोकं सणकतं. मी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात परातीपुढून अक्का विचारतात, "कोन गं? नवा का?"

"नवाच."

"मग इकडं ये म्हनावं. त्वांड बघू, च्या पाजू."

मी तसा निरोप सांगते. पलीकडचा माणूस हसतो आणि नक्की येतो म्हणतो. अजून एकही आलेला नाही.